पिठूर चित्र

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. स्कॅनच्या विभागात काउंटरवर एकवीस वर्षं बसून ज्याला राग येत नाही, तो माणूस नव्हे, खुर्ची. "आमचा नंबर कधी?", "ते मागून आले, ते आधी कसे आत गेले?", "अजून किती वेळ?" सकाळी आठपासून हीच टकळी. पण दुपारी दोन-अडीचला आमच्या त्या लांब बोळात एक वेळ अशी येते, की सगळं कसं पाण्याखाली गेल्यासारखं होतं. बाकांवरच्या आया पेंगतात. त्यांच्या मांडीवर पोरं झोपतात. जाड दारामागून मशीनची घरघर येत राहते, एका सुरात. खिडकीतला उन्हाचा पट्टा फरशीवरून इंचाइंचाने सरकतो. त्या वेळी मी जागी असते की झोपेत, माझं मला सांगता येत नाही.

आणि नेमकं तेव्हाच दार किलकिलं व्हायचं. पांढऱ्या कोटातली एक बारकीशी बाई डोकं बाहेर काढायची आणि हळूच म्हणायची, "ये गं, वाचायला."

झालं! उठा.

या निम्मीताई. आमच्या सीटी स्कॅनच्या टेक्निशियन. आणि वाचायचं म्हणजे काय, तर लहान मुलाचा स्कॅन असला की बटण दाबायच्या आधी त्या मला काचेमागच्या छोट्या खोलीत उभं करायच्या. माझ्या हातात मुलाच्या वजनाची चिठ्ठी. भिंतीवर त्यांनी स्वतः लिहिलेला तक्ता, किती किलोच्या मुलाला किरणांचा किती डोस. मग शाळेत पाढे म्हणतात तशी आमची प्रश्नोत्तरं सुरू. "वजन?" "चौदा." "तक्ता काय म्हणतो?" मी आकडा मोठ्याने म्हणायचा. "मशीन काय म्हणतं?" तोही मीच म्हणायचा. "डोकं की पोट?" "पोट." आणि सगळ्यात शेवटी, दर वेळी, "मोठ्यांचं की लहानांचं?" "लहानांचं." एवढं झालं की मगच त्यांचं बोट बटणाकडे जायचं. दहा सेकंदांच्या स्कॅनसाठी दोन मिनिटांचं पारायण.

"ताई, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. मला कशाला उठवता? बाहेर लोक माझ्या नावाने शंख करतायत."

"मला पाठ आहे, म्हणूनच तू पाहिजेस."

"मग त्या नव्या मुलीला बोलवा. ती टेक्निशियन आहे, तिला निदान कळतं तरी."

"तिला कळतं, म्हणून ती न बघताच हो म्हणेल. तुला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तू जे लिहिलंय तेच वाचतेस."

घ्या! एकवीस वर्षांत त्या विभागात माझं झालेलं हे एकमेव कौतुक.

निम्मीताई हे नाव डॉक्टरांनी पाडलेलं. लहान मुलाच्या स्कॅनचा कागद आला की या फोन उचलायच्या. "डॉक्टर, तुम्हाला नक्की काय बघायचंय?" डॉक्टर सांगायचे. "मग त्याला निम्म्या डोसात भागेल. आणि वरची छाती कशाला घ्यायची? निम्मं अंतरच पुरे." कधी म्हणायच्या, "पोरगं पडलंय खरं, पण इथे बाकावर उड्या मारतंय, उलटी नाही, गुंगी नाही. चार तास नजरेखाली ठेवून बघायचं का?" तरुण डॉक्टरांना वाटायचं, ही कोण टिकोजीराव आम्हाला शिकवणारी? वरच्या मजल्यावरचे म्हातारे सर्जन मात्र हसून म्हणायचे, "तिचं ऐका. ती निम्मं म्हणाली की निम्मंच. बाजारात घासाघीस करायला हिला न्यायला हवी."

मी एकदा विचारलंच, की एवढं काय अडतं? चार किरणं जास्त गेली तर कुठे भोक पडतं का?

"भोक पडलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "दिसलं तरी असतं. हे दिसत नाही, दुखत नाही, वास नाही. आपल्यासारख्या थोराड बाईचं फार बिघडत नाही. पण पोरांचं अंग कोवळं, वाढतं. आणि त्याच अंगात पुढे सत्तर-ऐंशी वर्षं काढायची असतात. धोका अगदी बारीक. हजारांत एखाद्याला. बहुतेकांना काहीच नाही. पण कुणाला ते कधीच कळत नाही बघ. म्हणून जेवढं लागतं तेवढंच द्यायचं. सुई शोधायला घरभर दिवे लावायचे नसतात."

थोराड मला म्हणाल्या की स्वतःला, याचा मी दोन दिवस विचार करत होते.

कमी डोसाचं चित्र जरा दाणेदार येतं. गुळगुळीत नाही. पडद्यावर राखाडी पोट, राखाडी हाडं आणि सगळ्यावर बारीक पीठ भुरभुरल्यासारखं. पिठूर चांदण्यात अंगण दिसतं ना, सगळं दिसतं आणि तरी कशालाच धार नसते, तसं. सर्जन कुरकुरायचे, "निम्मीताई, हा स्कॅन आहे की पिठाची चाळण?" त्या विचारायच्या, "बघायचंय ते दिसतंय ना?" "दिसतंय." "मग झालं तर." आणि त्या पडद्याकडे अशा बघत राहायच्या, की जणू फार सुंदर काहीतरी आहे. मला कधी कळलं नाही, या बाईला त्या भुरकट चित्रांचं एवढं काय कौतुक!

त्यांच्या खोलीत शिरलं की मुलं आपोआप हळू बोलायची. तिथे गार असायचं. दिवे मंद. छतावर ताईंनीच रंगवलेले तीन ढग, त्यातला एक जरा बटाट्यासारखा झालेला. दारात एक पत्र्याचा डबा. त्यात मुलांनी आपले खिसे रिकामे करायचे, मगच वजनकाट्यावर उभं राहायचं. कारण आईबापांनी सांगितलेल्या वजनावर ताईंचा काडीचा विश्वास नव्हता. बारीक मुलाचं वजन आया हमखास वाढवून सांगतात, लाजेपायी. डब्यात काय काय निघायचं! गोट्या, बिस्किटाचा चुरा, मेलेला भुंगा, दुसऱ्या कुणाचा तरी दात.

मग गोष्ट. मशीनचं ते गोल भोक म्हणजे ढगाचं घर. ढग रात्रभर फिरून दमलाय, आत्ताच झोपलाय. त्याचं घोरणं ऐकू येतंय ना? आपण त्याच्या घरात पाहुणे. हललं की तो जागा होणार. "म्हणून अगदी गप्प. श्वास पण धरायचा, मी सांगेन तेव्हा. आणि सोडला की ढगाच्या अंगावर फुंकर बसते, त्याला बरं वाटतं." पोर हललं तर चित्र बिघडतं, पुन्हा काढावं लागतं, म्हणजे डोस दुप्पट. म्हणून तो ढग. पण ताई सांगायच्या तेव्हा मलासुद्धा वाटायचं, की आत खरंच कुणीतरी झोपलंय. काचेमागे उभी राहून मीही श्वास धरायची. हसू नका, खरं सांगतेय.

आता त्यांच्याबद्दलची एक गोष्ट, जी मी कुणालाच बोलले नव्हते.

मी नवी लागले त्या वर्षी एका दुपारी त्या खिडकीशी उभ्या होत्या. समोरची शाळा सुटली होती, मुली दप्तरं हलवत चालल्या होत्या. ताई स्वतःशीच म्हणाल्या, "आता अकराची असेल." मी ऐकलं आणि गप्प बसले. पुढे अधूनमधून असंच. "आता पंधरा." "आता कॉलेजात." एकदा तर चहाचा कप हातात तसाच, आणि डोळे कुठेतरी लांब. "वीस झाली असेल गं." ताईंचं लग्न झालेलं नव्हतं. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या, थोरली बहीण आणि ताई, एवढाच संसार. मी आपला अंदाज बांधला. तरुणपणी काहीतरी झालं असेल, मूल कुणाला तरी देऊन टाकलं असेल. माझी जीभ कशी आहे हे सगळा दवाखाना जाणतो, पण या बाबतीत मी तोंडाला कुलूप घातलं. काही जखमांवर बोट ठेवायचं नसतं.

आणि दुसरं म्हणजे बढती. तीनदा आली. दुसऱ्या शहरात मोठं हॉस्पिटल, स्वतःची केबिन, हाताखाली आठ माणसं. तिन्ही वेळा यांनी नाही म्हटलं. "मला इथेच बरं." मी भडकले होते. "ताई, तुम्हाला डोकं आहे का? लक्ष्मी चालून येते आणि तुम्ही दार लावून घेता!" त्या नुसत्या हसल्या. "गावात मुलांच्या स्कॅनला हेच एक दार आहे गं. इथे सगळे कधी ना कधी येतातच." मला वाटलं, बाई भित्री आहे. नव्या जागेची भीती. तोंडावर बोलूनही दाखवलं मी तसं. तेव्हाही हसल्या.

एका शुक्रवारी ताई निवृत्त व्हायच्या होत्या, तो त्यांचा शेवटचा दिवस. त्याच आठवड्यात मंगळवारी, त्याच पाण्याखालच्या वेळी, तीन पिढ्या माझ्या काउंटरशी येऊन उभ्या राहिल्या. एक पांढऱ्या केसांची आजी, तिची बत्तिशीतली लेक आणि लेकीचा हात धरून जरा वाकून चालणारी सहा वर्षांची चिमुरडी. सायकलवरून पडताना हँडलचं टोक पोटात घुसलं होतं. सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं, नीट कळेना, म्हणून सर्जननी स्कॅन सांगितलेला. पोरगी शुद्धीवर, रंगरूप ठीक, पण दुखत होतं.

आजी माझ्याकडे वाकून म्हणाली, "त्या ढगाची गोष्ट सांगणाऱ्या बाई अजून आहेत का हो इथे?"

"आहेत की. शुक्रवारपर्यंत आहेत."

तेवढ्यात दार किलकिलं झालंच. आजीने ताईंना बघितलं आणि पुढे होऊन त्यांचे दोन्ही हात धरले. "बाई! ओळखलंत का? नाही ओळखणार, अठ्ठावीस वर्षं झाली. माझी ही लेक झोपाळ्यावरून पडली होती, चार वर्षांची होती. तुम्हीच हिचा स्कॅन केलात. किती काळजीने केलंत हो! मी तुम्हाला कधी विसरले नाही."

ताईंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. त्या लेकीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "निळा फ्रॉक होता. एका पायातली सँडल हरवली होती."

"बघ, बघ!" आजी लेकीला म्हणाली, "एवढी माणसं बघतात, पण लक्षात किती आहे त्यांच्या!"

ताईंनी चिमुरडीला नर्सकडे दिलं, हाताला सुई लावायला. त्याला पंधरा मिनिटं तरी लागतात. मग मला दंडाला धरून काचेमागच्या खोलीत ओढलं.

"ही ती आहे."

"कोण ती?"

"अकराची. वीसची." त्या खुर्चीवर बसल्या. "बत्तीस झाली बघ."

मग त्यांनी सांगितलं. मशीनच्या घरघरीत, भराभर, पाठ केलेलं म्हणावं तसं. त्या दिवशी आधीचा पेशंट एक आडदांड ट्रक ड्रायव्हर होता, सव्वाशे किलोचा. त्याच्या पोटासाठी त्यांनी डोस हाताने वाढवून अगदी वर नेऊन ठेवला होता. मग धावपळीत ही पोर आली, रडणारी. ताईंनी तिला गप्प करण्यात सगळं लक्ष घातलं. ढग त्याच दिवशी, त्याच टेबलापाशी सुचला. पोर शांत झाली, आणि यांनी बटण दाबलं. ड्रायव्हरचा डोस तसाच होता. पाच मिनिटांनी यांच्या लक्षात आलं. पोरीला लागणार होता त्याच्या सात-आठ पट.

"आणि चित्र?" त्या म्हणाल्या. "तसं चित्र मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. आरशासारखं. एक दाणा नाही. डॉक्टर म्हणाले, वा, काय सुंदर काढलंय! जास्त झालं की चित्र बिघडत नाही गं, सुंदर होतं. म्हणून तर कुणाला कळत नाही. मी वरिष्ठांना सांगितलं. ते म्हणाले, पोरगी ठणठणीत आहे, अळीमिळी गुपचिळी. मी बाहेर आले, आईला सांगायला. आणि तिने माझा हात धरला. म्हणाली, किती काळजीने केलंत."

एकवीस वर्षं मी ज्या पारायणाला शिव्या घातल्या, ते काय होतं ते मला त्या क्षणी कळलं. दुधाने तोंड पोळलं होतं आणि बाई जन्मभर ताक फुंकत होती. नाही, हेही खरं नाही. तोंड दुसऱ्याचं पोळलं असेल, या भीतीने फुंकत होती.

"मी सांगणार तिला," त्या म्हणाल्या.

"आत्ता?" मी फटकन बोलले. "ताई, वेड लागलंय का? तीन दिवस राहिलेत तुमचे! पेन्शन, नाव, सगळं पणाला लावाल? ती तक्रार करेल. अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगी तर धडधाकट दिसतेय समोर!"

"ती मला आता आपली मुलगी देणार आहे," त्या म्हणाल्या. "काही माहीत नसताना. तिच्या आईने दिली होती तशीच. मी ते दुसऱ्यांदा कसं घेऊ?"

मी दार उघडलं. मुलीच्या आईला आणि आजीला आत बोलावलं.

ताईंनी सांगितलं. यात कुणाला दोष दिला नाही, वरिष्ठांचं नावही काढलं नाही. आजी मध्येच म्हणाली, "अहो जाऊ द्या हो, देव तारी त्याला कोण मारी," पण लेकीने हात वर करून तिला गप्प केलं. लेकीचा चेहरा बघवत नव्हता.

"मला काय होईल?" तिने विचारलं.

"बहुतेक काहीच नाही. खरंच बहुतेक काहीच नाही. पण अजिबात नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकत."

"अठ्ठावीस वर्षं!" ती ओरडली. "फॉर्मवर पत्ता होता ना? एक पत्र नाही टाकता आलं?"

"पत्ता होता," ताई म्हणाल्या. "दोनदा घरापर्यंत आले. दुसऱ्यांदा तुम्ही फाटकाशी दोरीवरच्या उड्या मारत होतात. सात-आठ वर्षांच्या असाल. शंभरपर्यंत मोजलंत. मी रस्त्यापलीकडे उभी होते. इतक्या छान उड्या मारत होतात, मला वाटलं, आता हे सांगून यांच्या घरात मी भीती कशाला सोडू? पण तेही खोटं. मी भ्याले. घंटी वाजवली नाही. अजून स्वप्नात ती दोरी फिरताना दिसते मला, आणि मी मोजत असते."

मशीन घरघरत होतं. ताईंची मान खाली. मला त्या लेकीचा भयंकर राग आला होता, आणि तिचं चुकत नव्हतं, याचा त्याहून जास्त.

"दुसरं कुणी आहे का स्कॅन करायला?" लेकीने विचारलं.

"आहे," ताई लगेच म्हणाल्या. "हुशार मुलगी आहे. मीच तयार केलीय. बोलावते." आणि त्या उठल्यासुद्धा. मी त्यांना कधी इतकं म्हातारं बघितलं नव्हतं.

तेवढ्यात नर्स चिमुरडीला घेऊन आली. हाताला पट्टी, डोळे ओले. डब्यापाशी उभी राहून ती खिसे रिकामे करायला लागली. एक खडा. दुसरा खडा. सहावा खडा. मग सायकलची घंटी, अख्खी, स्क्रूसकट. पडल्यावर तुटली म्हणून उचलून आणलेली. रडता रडता तिने ती एकदा वाजवून बघितली. ट्रिंग. आणि म्हणाली, "बाई, ढगाला ऐकू तर नाही ना गेलं?"

आजीने येताना वाटेत सगळी गोष्ट सांगून ठेवली होती.

ताई खाली बसल्या, तिच्या डोळ्यांच्या उंचीला. "एक डोळा उघडला होता त्याने. परत मिटला." मग त्यांनी तिला काट्यावर उभं केलं. "कागदावर वीस लिहिलंय. काट्यावर अठरा. दोन किलो आईने मायेने घातलेत." आणि सवयीने मान वर करून मला म्हणाल्या, "ये गं, वाचाय..." मग त्यांना आठवलं. त्या थांबल्या. "नव्या मुलीला बोलाव. तिच्याबरोबर वाच."

"वाचायचं म्हणजे?" लेकीने मला विचारलं.

मी सांगितलं. वजन, तक्ता, मशीन, डोकं की पोट. एकवीस वर्षं, प्रत्येक मुलाला, दर वेळी. सांगता सांगता माझा आवाज चढला. "शिव्या घातल्यात मी त्यांना यापायी! रोज! आणि मला आज कळतंय की त्या हे का करायच्या. तुमच्यानंतर या दारातून गेलेल्या एकाही पोराला त्यांनी उगाच एक किरण जास्त लागू दिला नाही. तक्रार करायची तर खुशाल करा, पण हेही त्यात लिहा!"

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग मुलीकडे. मग कितीतरी वेळ भिंतीवरच्या त्या हाताने लिहिलेल्या तक्त्याकडे.

"तुम्हीच करा," ती ताईंना म्हणाली. आवाजात अजून धार होती. "पण मी बाहेर बसणार नाही. आज मी वाचणार."

माझ्या हातातली चिठ्ठी मी तिला दिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा माझी जागा कुणी घेतली, आणि मला ती सोडवत नव्हती. काय म्हणावं माणसाला!

काचेपलीकडे चिमुरडी टेबलावर आडवी होती, बटाट्यासारख्या ढगाकडे बघत. काचेच्या अलीकडे त्या दोघी शेजारी शेजारी. मागे मी आणि आजी.

"वजन?" ताईंनी विचारलं.

"अठरा."

"तक्ता काय म्हणतो?"

तिने बोट ठेवून वाचलं.

"मशीन काय म्हणतं?"

तिने पडद्याजवळ जाऊन वाचलं. मग पुन्हा तक्त्याकडे वळून बघितलं, मग पुन्हा पडद्याकडे. तिला यातलं काही कळत नव्हतं, म्हणून जे लिहिलंय तेच ती वाचत होती. "तेवढंच," ती म्हणाली.

"डोकं की पोट?"

"पोट."

"मोठ्यांचं की लहानांचं?"

तिची नजर मुलीकडे गेली. पाच सेकंद, दहा सेकंद. ताईंचं बोट हवेत. काचेपलीकडे मुलीचा पांढरा पाय, मोजा निम्मा निघालेला.

"लहानांचं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

ताईंनी माइकमधून सांगितलं, "आता श्वास धर, राणी." आम्ही चौघींनी श्वास धरला. आजीनेसुद्धा. घरघर वाढली, टेबल सरकलं, थांबलं. "सोड." सगळ्यांनी सोडला.

पडद्यावर चित्र उमटलं. राखाडी, भुरकट, पीठ शिंपडलेलं. लेक घाबरून म्हणाली, "खराब आलं का? पुन्हा काढावं लागेल?"

"नाही नाही. असंच यायला हवं." ताईंनी बोटाने दाखवलं. "हे यकृत. ही इथे बारीक चीर, दिसतेय? एवढीच. बाकी सगळं जागच्या जागी. सर्जन बघून पक्कं सांगतील, पण अशी चीर पडून राहिलं की बहुतेक आपली आपण भरते."

सर्जननी फोनवर तेच सांगितलं, आणि वर, चाळण आली म्हणून कुरकुरलेही. आजी रडायला लागली. चिमुरडी बाहेर येऊन डब्यातले खडे मोजून घेत होती, एक कमी भरला म्हणून माझ्याकडे संशयाने बघत होती.

लेक मात्र पडद्यापुढून हलली नव्हती. त्या पिठूर पोटाकडे ती बघत होती, ताई बघायच्या तशीच. मग तिने मान न वळवता विचारलं, "माझं कसं आलं होतं?"

ताईही पडद्याकडेच बघत होत्या.

"फार सुंदर आलं होतं हो," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून लहान मुलीसारख्या रडल्या.

लेकीने त्यांना जवळ घेतलं नाही. माफ केलं, असंही म्हणाली नाही. पण ती गेली नाही. शेजारची खुर्ची ओढून बसली आणि ताईंचं रडणं थांबेपर्यंत बसून राहिली. तक्रार आली नाही. शुक्रवारी ताईंना निरोप दिला, सर्जननी भाषण ठोकलं, ते कुणी ऐकलं नाही. ताईंनी जाताना फक्त तक्त्यावरची धूळ पुसली.

आता आत नवी मुलगी असते. दुपारी बोळ पाण्याखाली जातो, आया पेंगतात, उन्हाचा पट्टा सरकतो. दार किलकिलं व्हायच्या आधीच मी उठलेली असते. लोक बाहेर बोंबलतात, बोंबलू देत. नवी मुलगी कधी घाईत म्हणते, "मावशी, एवढंसं तर आहे, आज नको वाचायला." मग मी तिला अशी काही झापते, की आतला ढगसुद्धा जागा व्हावा.